न मोजतां दिलेलें उत्तर

घरांतील वस्तु दोन वाटांनीं बाहेर जाते; एक चोरीची आणि दुसरी गळतीची. चोरी झाली म्हणजे तुटलेलें कुलूप दिसतें, रिकामी पेटी सांपडते, शेजारीपाजारी गोळा होतात आणि चौकींत वर्दी जाते. गळतीचें तसें नाहीं. रांजणाच्या बुडाला केसाएवढी चीर पडते, रात्रभर थेंब थेंब पाणी पाझरतें, आणि सकाळीं घरच्या माणसांस वाटतें कीं मुलांनींच पाणी जास्त काढलें असावें. तरी पाणी निदान कमी झालेलें दिसतें. माहितीची गळती याहूनहि विलक्षण आहे. माहिती गळून परक्याच्या हातीं गेली तरी ज्याची होती त्याच्यापाशीं ती पूर्वीइतकीच भरलेली राहते. कोठें कांहीं उणें झालें आहे असें दिसतच नाहीं, आणि म्हणून तिचा शोधहि लागत नाहीं.

प्रस्तुत लेखांत ज्या गळतीचा विचार करावयाचा आहे ती गणकयंत्राच्या पोटांतील होय. हा विषय अभियंत्यांचा. घरगुती मासिकांत त्याचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, घराचें गुपित आतां घराच्या तिजोरींत राहिलेलें नाहीं. आमचें कळंब हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव, चिंतामणि गणेशाच्या देवस्थानामुळें विदर्भांत सर्वांस ठाऊक असलेलें. वर्धा–यवतमाळ–नांदेड लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरू झाला. म्हणजे आगगाडी येथें परवां परवां आली, पण त्या गाडीच्या आधीं कितीतरी वर्षें शेताचा सातबारा, बँकेंतील शिल्लक, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला आणि मुलांचे परीक्षेचे निकाल हे सर्व तारांवरून व तारांवांचूनहि गांवांत येऊं लागले होते. ज्या घरांत आजोबांचें आधार, वडिलांचें बँकखातें, सुनेच्या आजाराचे कागद व नातवाचा परीक्षेचा अर्ज एकाच मोबाइलवरून हलतात, त्या घरानें ही माहिती कोणत्या भांड्यांत ठेविली आहे आणि त्या भांड्याचें बूड शाबूत आहे किंवा नाहीं, याची विचारपूस करणें अगदीं रास्त आहे.

यंत्रास काम सांगणाऱ्या लेखनास प्रोग्राम म्हणतात हें आतां मुलांसहि ठाऊक असतें. परंतु कोणताहि प्रोग्राम लिहिणारा मनुष्य पहिल्या अक्षरापासून सर्व कांहीं स्वतः लिहीत नाहीं. नांवावरून पत्ता शोधणें, मजकुराची नक्कल करणें, निरोप गुप्त लिपींत बांधणें, हीं कामें सर्वांसच लागतात. म्हणून तीं एकदां नीट लिहून सर्वांच्या उपयोगासाठीं ठेविलेलीं असतात. अशा तयार लेखनाच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. एकत्र कुटुंबांत प्रत्येक जोडप्यानें वेगळें जातें आणि वेगळा पाटावरवंटा मांडला तर घर अपुरें पडेल. एकच जातें सर्वांस पुरतें. लायब्ररीचा न्याय तोच. मात्र त्या सामाईक जात्यास टांकी लावून घेण्याची वेळ आली म्हणजे ती आठवण कोणीं ठेवावयाची, हा प्रश्नहि त्याच न्यायानें मागोमाग येतो, आणि पुढील हकीकत पुष्कळशी त्या प्रश्नाचीच आहे.

अशा सामाईक लायब्रऱ्यांपैकीं एक ओपनएसएसएल या नांवाची आहे. तिचा आरंभ १९९८ सालचा. तिचें काम लखोटा बंद करण्याचें. आपण बँकेच्या संकेतस्थळावर परवलीचा शब्द लिहितों तेव्हां तो वाटेंतील कोणास वाचतां येऊं नये म्हणून गुप्त लिपींत बांधून पाठविला जातो. ही बांधणी जगांतील असंख्य यंत्रांवर ओपनएसएसएल करीत असते. या संभाषणांत एक सोय २०१२ च्या फेब्रुवारींत नियमबद्ध झाली. दोन यंत्रें बोलत असतां मध्येंच स्तब्धता पडली, तर पलीकडील यंत्र जागेवर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एकानें एखादा शब्द पाठवावा आणि दुसऱ्यानें तोच जसाचा तसा परत म्हणून दाखवावा, अशी ती सोय. तिला ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचा ठोका, असें नांव दिलें होतें. वैद्यानें नाडीवर बोट ठेवावें तसाच हा प्रकार.

या प्रश्नांत दोन गोष्टी असत: एक, परत म्हणावयाचा शब्द, आणि दुसरी, त्या शब्दाची लांबी. ‘राम’ हीं दोन अक्षरें परत म्हण, असा प्रश्नाचा थाट समजावा. आतां एखाद्या लबाडानें शब्द पाठविला ‘राम’ आणि लांबी लिहिली साठ हजार, तर शहाण्या यंत्रानें काय करावें? आलेला शब्द मोजून पाहावा, आकडा जुळत नाहीं असें दिसतांच प्रश्नच केराच्या टोपलींत टाकावा. नियमांतहि तसेंच सांगितलें होतें. परंतु ओपनएसएसएलमध्यें हें मोजणें राहून गेलें. यंत्र सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवी. ‘राम’ म्हणून होतांच थांबण्याऐवजीं स्मृतींत त्या शब्दाच्या शेजारीं जें जें पडलेलें असे तें तें पुढें वाचून पाठवीत राही, आणि साठ हजारांचा भरणा झाला म्हणजेच थांबे. फडताळांतील एक चिठ्ठी वाचून दाखवावयास सांगितलेल्या भोळ्या कारकुनानें शेजारच्या खणांतील दुसऱ्यांचीं पत्रेंहि वाचून दाखवावीं, त्यांतलाच हा प्रकार.

एका प्रश्नास असें जवळजवळ चौसष्ट किलोबाइट उत्तर मिळूं शके. रोमन अक्षरांच्या हिशेबानें मध्यम आकाराच्या पुस्तकाचीं तीसएक पानें होतील. प्रश्न कितीदांहि विचारावा. प्रत्येक वेळीं स्मृतीचा एखादा निराळा तुकडा हातीं येई. त्या तुकड्यांत कधीं निरर्थक कचरा असे, कधीं दुसऱ्याच गिऱ्हाइकाचें नांव व परवलीचा शब्द असे, तर कधीं ज्या किल्लीनें सगळे लखोटे बंद होत ती गुप्त किल्लीहि असे. आणि या सर्व प्रकाराची नोंद यंत्राच्या नेहमींच्या रोजकीर्दींत होत नसे; कारण यंत्राच्या दृष्टीनें कोणी तरी नाडी पाहून गेला, एवढेंच घडलेलें असे.

हा भाग लिहिणारे रॉबिन सेगेलमान नांवाचे जर्मन संशोधक विद्यार्थी होते. दुसऱ्या जाणत्यानें तो तपासला आणि ३१ डिसेंबर २०११ रोजीं तो लायब्ररींत दाखल झाला. १४ मार्च २०१२ रोजीं निघालेल्या १.०.१ या आवृत्तीबरोबर तो जगभर गेला. पुढें दोन वर्षें कोणाच्या लक्षांत कांहीं आलें नाहीं. २०१४ च्या वसंतांत गूगलमधील नील मेहता यांस, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणें फिनलंडमधील कोडेनॉमिकॉन या कंपनीच्या अभियंत्यांस, ही चूक आढळली. ७ एप्रिल २०१४ रोजीं ती जाहीर झाली व त्याच दिवशीं दुरुस्त आवृत्तीहि प्रसिद्ध झाली. हृदयाच्या ठोक्यांतून रक्तस्राव, या अर्थानें तिला ‘हार्टब्लीड’ हें नांव पडलें. दुरुस्ती म्हणाल तर थोड्याशा ओळींची: आलेला शब्द मोजा, आणि सांगितलेला आकडा त्याहून मोठा असेल तर गप्प बसा. मोजणें राहून गेलें, अशी कबुली सेगेलमान यांनीं पुढें मोकळेपणानें दिली. त्यांत हेतु कांहीं नव्हता.

किती घरांचें बूड फुटलें होतें याचा अंदाज नेटक्राफ्ट या संस्थेच्या त्या वेळच्या पाहणीवरून येतो. सुमारें पांच लक्ष संकेतस्थळांचीं प्रमाणपत्रें धोक्याच्या टप्प्यांत होतीं. गुप्त किल्ली खरोखर बाहेर काढतां येईल कीं काय अशी शंका कित्येकांस होती. क्लाउडफ्लेअर या कंपनीनें ११ एप्रिल २०१४ रोजीं मुद्दाम एक सदोष यंत्र उभें करून जगाला आव्हान दिलें, आणि त्याच दिवशीं एकाहून अधिक लोकांनीं किल्ली काढून दाखविली. कॅनडाच्या करखात्यास तर आपलें संकेतस्थळ कांहीं दिवस बंद ठेवावें लागलें. सहा तासांच्या अवधींत सुमारें नऊशें करदात्यांचे सामाजिक विम्याचे क्रमांक कोणी काढून नेले होते. करखात्यानें विवरणपत्रें भरण्याची मुदतहि ३० एप्रिलवरून ५ मेपर्यंत वाढविली. पण नऊशें हा आकडा सांपडला तेथील. जेथें कोणी पाहिलेंच नाहीं तेथें काय काय वाहून गेलें, हें आजहि कोणास सांगतां येणार नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतील एका मोठ्या प्रकरणाशीं याची तुलना केली म्हणजे चोरी व गळती यांतील भेद स्पष्ट होतो. पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजीं हल्ला झाला आणि सुमारें ९४ कोटी ४२ लक्ष रुपये गेले. ती चोरी होती. हल्लेखोर यंत्रणेंत शिरले, खोटे होकार देऊन ठिकठिकाणच्या एटीएममधून पैसे काढले गेले. पैशांचा ताळा जुळला नाहीं, तक्रार झाली, तपास झाला, माणसें पकडलीं गेलीं. हार्टब्लीडसारख्या गळतींत कोणी आंत शिरत नाहीं. दाराबाहेर उभें राहून एक साधा प्रश्न विचारला जातो, आणि घरचाच माणूस आंतील सर्व कांहीं वाचून दाखवितो. ताळा शेवटपर्यंत जुळतच राहतो.

गळतीचा दुसरा एक प्रकार आहे, आणि तो समजण्यास संस्कृत शिकलेल्यांस फारसें सायास पडणार नाहींत. पाणिनीच्या व्याकरणांत वर्णांचे गट सांगण्यासाठीं प्रत्याहार योजिले आहेत. वर्णमालेच्या सूत्रांत अधूनमधून इत् संज्ञेचीं अक्षरें घातलेलीं असतात. तीं स्वतः मोजावयाचीं नसतात, तेथें थांबावयाचें एवढेंच तीं सांगतात. अकारापासून च् या खुणेपर्यंत वाचलें म्हणजे ‘अच्’, म्हणजे सगळे स्वर, मिळाले. आतां एखादा विद्यार्थी त्या च् वर न थांबतां पुढेंच वाचीत सुटला तर स्वरांच्या गटांत ह, य, व, र हीं व्यंजनें येऊन बसतील. यंत्राच्या स्मृतींतहि मजकूर कोठें संपला हें सांगणारी अशीच खूण किंवा सीमा असते. वाचणारा ती ओलांडून गेला म्हणजे परक्याचा मजकूर आपल्या मजकुरांत मिसळतो.

असें घडल्याचें ठळक उदाहरण उपरोक्त क्लाउडफ्लेअर कंपनीचेंच आहे. तिच्या यंत्रांत पानें वाचून त्यांत फेरफार करणारा एक प्रोग्राम होता. ‘शेवटच्या सीमेवर आलों काय?’ असें तो प्रत्येक पावलाला विचारी. परंतु ‘सीमेच्या पुढें तर गेलों नाहीं ना?’ हें विचारीत नसे. कांहीं सदोष पानांच्या बाबतींत पाऊल सीमेवर न पडतां तिच्यावरून पलीकडे पडलें, आणि पुढें थांबण्याचें कारणच उरलें नाहीं. २२ सप्टेंबर २०१६ पासून अधूनमधून एका संकेतस्थळाच्या पानाच्या शेपटीस भलत्याच संकेतस्थळाचा मजकूर चिकटून जाऊं लागला. गूगलमधील टॅव्हिस ऑर्मंडी यांच्या ध्यानीं ही गोष्ट २०१७ च्या फेब्रुवारींत आली आणि त्या महिन्याच्या २३ तारखेस ती जाहीर झाली. तोंपर्यंत त्यांतील कांहीं पानें शोधयंत्रांच्या साठ्यांतहि जाऊन बसलीं होतीं, तीं तेथून पुसून काढण्याचें काम निराळेंच पडलें. ‘पोंचलों काय’ आणि ‘ओलांडलें तर नाहीं’ या दोन प्रश्नांत बोलतांना फारसा फरक वाटत नाहीं. येथें त्या फरकावर हजारों लोकांचीं खाजगी पत्रें अवलंबून होतीं.

तिसरा प्रकार न पुसलेल्या पाटीचा. शाळेंत एका मुलाची पाटी दुसऱ्यास द्यावयाची झाली तर आधीं ती ओल्या फडक्यानें पुसावी लागे. नाहीं तर पहिल्याचीं गणितें दुसऱ्याच्या हातीं आयतीच जात. यंत्राची स्मृति ही अशीच फिरती पाटी आहे. एका कामास दिलेली जागा तें काम होतांच दुसऱ्या कामास दिली जाते आणि ती प्रत्येक वेळीं पुसली जातेच असें नाहीं. नव्या कामानें तेथें आपला मजकूर लिहिला तर कांहीं बिघडत नाहीं. पण लिहिण्यापूर्वींच ती पाटी उचलून कोणास दाखविली तर जुनें लेखन बाहेर पडतें.

लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या बहुतेक मोठ्या यंत्रांचा पाया असलेली ग्लिबसी नांवाची लायब्ररी आहे. तिच्यासंबंधीं २०२६ च्या जानेवारींत एक सूचना प्रसिद्ध झाली ती नेमकी या प्रकारची. जाळ्याच्या क्रमांकावरून त्याचें नांव विचारून आणणारें एक जुनें काम या लायब्ररींत आहे. क्रमांक शून्य असला तर विचारावयाचा प्रश्न पाटीवर लिहिलाच जात नसे, आणि कांहीं विशिष्ट मांडणी असलेल्या यंत्रांवर ती न लिहिलेली, न पुसलेली पाटी तशीच नांवें सांगणाऱ्या सर्व्हरकडे धाडली जाई. १९९७ सालच्या २.० या आवृत्तीपासून २०२५ च्या २.४२ या आवृत्तीपर्यंत हा दोष लायब्ररींत नांदत होता. हें काम आज क्वचितच कोणी वापरतो, त्यामुळें येथें हार्टब्लीडसारखा हाहाकार झाला नाहीं, हें खरें. परंतु अठ्ठावीस वर्षें एक कोपरा कोणीं झाडलाच नव्हता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

गळालेल्या तुकड्यांत परवलीचा शब्द किंवा खात्याचा क्रमांक नसेल तर त्या कचऱ्याचा चोरास काय उपयोग, असें वाटणें साहजिक आहे. उपयोग असतो. हल्लींच्या यंत्रांत एक बचाव योजिलेला आहे: प्रोग्राम सुरू होतांना त्याचे निरनिराळे भाग स्मृतींत दर वेळीं निराळ्या ठिकाणीं मांडले जातात. ज्या वाड्यांतील खोल्या रोज रात्रीं जागा बदलतात त्या वाड्यांत तिजोरी कोठें आहे हें चोरास ठाऊक नसतें. अंधारांत चांचपडतांना तो सांपडतो. परंतु स्मृतींतून गळालेल्या त्या निरर्थक दिसणाऱ्या आकड्यांत एखादा आकडा खोलीचा पत्ता असतो. तो कळला कीं बाकीच्या खोल्यांचे पत्ते गणितानें काढतां येतात. म्हणून जाणते लोक लहान गळतीसहि हलकें मानीत नाहींत. ती पुष्कळदां मोठ्या चोरीची पूर्वतयारी असते.

आतां हे दोष पुन्हां पुन्हां कां होतात? एक कारण भाषेंत आहे. या लायब्रऱ्या मुख्यतः सी या भाषेंत लिहिलेल्या आहेत. डेनिस रिची यांनीं ती १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घडविली. ती वेगवान आहे, काटकसरी आहे, आणि लिहिणाऱ्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. अमुक ठिकाणापासून इतकीं अक्षरें वाच, असें सांगितलें कीं ती वाचते. तेवढीं अक्षरें तेथें आहेत कीं नाहींत हें पाहण्याचा भार ती लिहिणाऱ्यावर टाकते. स्मृति अपुरी व महाग होती त्या काळीं हा व्यवहार बरोबरच होता. पुढें सीमा स्वतः तपासणाऱ्या भाषा निघाल्या, परंतु पन्नास वर्षांत सीमध्यें लिहिलें गेलेलें भांडार एका पिढींत बदलून होणारें नाहीं.

दुसरें कारण जात्यास टांकी लावण्याचें. ओपनएसएसएल कोणासहि फुकट वापरतां येते आणि तिचें लेखन कोणासहि उघडून वाचतां येतें. ज्यावर पुष्कळांची नजर असते त्यांत दोष लपत नाहीं, असा या मंडळींत एक समज आहे, आणि तो बराचसा खराहि आहे. अट एवढीच कीं नजर खरोखर असली पाहिजे. हार्टब्लीड उघड झाल्यावर लोकांस कळलें कीं, ज्या लायब्ररीच्या जिवावर बँका, दुकानें आणि सरकारें व्यवहार करीत होतीं तिला वर्षाकाठीं जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत असे आणि पूर्ण वेळ वाहून घेतलेला मनुष्य एकच होता. दळण सर्वांनीं दळलें. जातें झिजलें आहे हें पाहावयास कोणी बसला नाहीं. २४ एप्रिल २०१४ रोजीं लिनक्स फाउंडेशननें मोठमोठ्या कंपन्यांस एकत्र करून अशा सामाईक कामांसाठीं निधि उभारण्याचें जाहीर केलें. हें शहाणपण गळतीनंतर सुचलें, तरी सुचलें हें बरेंच झालें.

या टांकी लावण्याच्या कामांत आपल्याकडील माणसांचाहि हात आहे, हें सांगण्यास संतोष वाटतो. पुण्यांत राहून ग्लिबसीवर काम केलेले सिद्धेश पोयरेकर हे या क्षेत्रांत जगभर परिचित आहेत. २०१७ सालीं निघालेल्या ग्लिबसीच्या २.२५ व २.२६ या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मजकुराची नक्कल करतांना तो ठरलेल्या जागेंत मावतो कीं बाहेर सांडतो हें चालत्या प्रोग्राममध्यें तपासणारी एक योजना या लायब्ररींत पूर्वींपासून आहे. जागेचा आकार आधीं ठाऊक नसतांहि ती तपासणी करतां यावी, असा तिचा अधिक कडक प्रकार २०२२ सालीं जीसीसी या भाषांतरकाच्या बाराव्या आवृत्तींत आला. त्यांत पोयरेकर यांचा मोठा वाटा आहे. ही तपासणी मुख्यतः लिहिण्याच्या बाजूची आहे. वाचण्याच्या बाजूची प्रत्येक गळती तिनें थांबेल असें नाहीं. पण मोजल्यावांचून कांहीं द्यावयाचें नाहीं, हें वळण यंत्रास लावण्याचा मार्ग हाच.

हें काम कीर्तीचें नाहीं. नवा मजला बांधणाऱ्याचें नांव शिळेवर कोरतात. गळकें छप्पर शाकारणारा पावसाळ्यापूर्वीं येतो आणि निघून जातो. पोथ्यांच्या काळांतहि मूळ ग्रंथकार अमर झाले. जीर्ण पानांची नक्कल करून प्रत शुद्ध ठेवणारे लेखनिक बहुधा अनामच राहिले, तरी त्यांच्यावांचून आज ग्रंथ हातीं लागला नसता. ज्या घराण्यांत पाठांतराचा एक स्वर चुकूं नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तपश्चर्या झाली, त्या घराण्यांतील मुलांस हें बारीक, सावध व निरपेक्ष काम परकें वाटण्याचें कारण नाहीं. आपला मुलगा किंवा मुलगी गणकशास्त्र शिकत असेल तर ‘पगार किती?’ या प्रश्नाबरोबर ‘तूं सामाईक जात्यास कधीं टांकी लावलीस काय?’ हाहि प्रश्न वडील मंडळींनीं विचारावा.

राहिला प्रश्न गृहस्थाश्रमी वाचकानें काय करावें याचा. लायब्ररी तपासणें आपल्या हातीं नाहीं. पण दुरुस्त झालेली लायब्ररी घरांत घेणें आपल्या हातीं आहे. मोबाइल अधूनमधून ‘अपडेट’ मागतो. तें म्हणजे बहुधा नवें चित्र किंवा नवा रंग असा समज करून आपण ‘नंतर’ म्हणतों. वास्तविक त्यांत कित्येकदां फुटक्या बुडाचा डाग असतो. हार्टब्लीडचा दोष अँड्रॉइडच्या ४.१.१ या आवृत्तीच्या फोनांतहि होता, हें ध्यानांत ठेवावें. ज्या जुन्या फोनास कंपनीकडून दुरुस्ती येणें बंद झालें आहे तो आजोबांस वापरावयास द्यावयाचा असल्यास त्यावर बँकेचा व्यवहार ठेवूं नये. गाणीं, फोटो व गप्पागोष्टी यांस तो पुष्कळ आहे.

परवलीचा शब्द प्रत्येक ठिकाणीं निराळा असावा. एका रांजणाच्या चिरेनें सगळें पाणी जाऊं नये, एवढाच त्यांतील अर्थ. आणि एखाद्या संस्थेकडून गळती झाल्याची बातमी आली तर घाईघाईनें त्याच क्षणीं शब्द बदलण्यापूर्वीं तेथील दोष दुरुस्त झाला काय, हें पाहावें. बूड फुटकें असतांनाच रांजण पुन्हां भरला तर नवें पाणीहि त्याच वाटेनें जातें. २०१४ च्या त्या एप्रिलांत जाणत्यांनीं लोकांस हाच क्रम सांगितला होता: आधीं संस्थेनें दुरुस्ती करावी, जुनी किल्ली टाकून नवी करावी, आणि मग गिऱ्हाइकांनीं शब्द बदलावे.

शेवटीं एक गोष्ट यंत्रापेक्षां माणसांच्या वळणाची आहे. ‘मी बँकेंतून बोलतों’ असें म्हणणाऱ्या परक्याचा फोन आला म्हणजे घरांतील भोळें माणूस नांव विचारलें असतां गांव सांगतें, गांव विचारलें असतां खातें सांगतें, आणि बोलण्याच्या भरांत मोबाइलवर आलेला ओटीपीहि वाचून दाखवितें. तें यंत्र याच चुकीनें फसलें. विचारणारा कोण आहे, त्यानें किती विचारलें आहे, आणि आपण तेवढेंच सांगत आहों कीं अधिक, हें उत्तर देण्यापूर्वीं मनांत मोजण्याची संवय मुलांस व वडिलांसहि लावावी. आदरातिथ्य म्हणून पाहुण्यास वाढतांना हात सैल असावा. घरची हकीकत वाढतांना मात्र पळी मोजूनच घ्यावी.